टीव्हीले जोडाच्या पीसीत कोणती ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकू?

कपाशीवाला: राम राम मंडळी, दारव्हा तालुक्यातून विचारून रायलो. सोयाबीनचे चार पैसे आले तं अमरावतीहून सेकंडहँड डेस्कटॉप आणला, आय३ चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क. बत्तीस इंची टीव्हीले एचडीएमआयनं लावला. काम एवढंच का आबाले कीर्तन, पोराईले पिक्चर अन् बहिणीच्या लग्नाची शूटिंग, जे टीव्हीत पेनड्राइव्ह लावून चालतच नाई. विंडोज १० हाय, सुरू होयेलोक चहा उकळून थंडा होते. नेट मोबाईलचं, दिवसाले दीड जीबी. लाईटीचं तं विचारूच नका. विंडोज ११ टाकू का लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी, फुकटची ओएस)?

संत्रा_बर्फी: ११ चा नाद सोड भाऊ. त्याले टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) अन् इंटेलची आठवी जनरेशन लागते. जुगाड करून बसते, पण ४ जीबीत रडत चालन. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लेच संपला. २४० जीबीची एसएसडी (साध्या हार्डडिस्कपेक्षा लय फास्ट डिस्क) टाक अन् लिनक्स मिंट घे, अर्धं दुखणं एसएसडीनंच जाते.

ठेचा_भाकर: मिंट चांगलीच हाय, पण आबाच्या हाती माऊस देणार हायस का? लिब्रेइलेक टाक. ते म्हणजे कोडी (टीव्हीवर पिक्चर-गाणे चालवाचं सॉफ्टवेअर) अन् कोडी चालवाले लागते तेवढंच लिनक्स, डायरेक्ट पिक्चरच्या यादीतच उघडते, डेस्कटॉप नाईच. काहीशे एमबीची इमेज (पेनड्राइव्हवर टाकाची फाइल), तुह्या दीड जीबीत बसते. अन् तुह्यासाठी मुद्द्याची गोष्ट सांगतो, त्याची सिस्टिम फाइल रीड-ओन्ली (फक्त वाचाची, तिच्यात काई लिहिलं जात नाई) रायते, म्हून मधातच लाईट गेली तरी ओएस सहसा बिघडत नाई. आमच्या घरी तं रोजचंच हाय. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाय, सुरू होताना लाईव्ह (डिस्कवर न टाकता चालवाचं) निवडजो. चुकून इन्स्टॉल दाबलं तं निवडलेली अख्खी डिस्क पुसते, लग्न त्यातच असन तं बहीण बोलणार नाई मंग.

पुणेरी_पाहुणा: एक सांगतो, नेटफ्लिक्स वगैरे बघायचं असेल तर कोडी विसरा, ती भानगड डीआरएमची (कॉपी रोखणाऱ्या कुलपाची) आहे, लिनक्सवर ब्राउझरमध्ये चालतं पण 4के मिळत नाही. त्यापेक्षा अँड्रॉइड टीव्हीची काडी घ्या ना सरळ.

ठेचा_भाकर: दादा, त्याले ओटीटी नाई लग्न पाहाचं हाय. पण भाऊ दोन गोष्टी ध्यानात ठेव. चौथ्या जनरेशनमध्ये एच.२६५ चं (नव्या प्रकारच्या व्हिडिओ फाइलीचं) हार्डवेअर डिकोडिंग नाई, म्हंजे चिप ते स्वतः उलगडत नाई, तशी 4के फाइल अटकनच, मंग ओएसले शिव्या देऊ नको. अन् कोडीत यूट्यूबचं अ‍ॅडऑन (जोड-सॉफ्टवेअर) हाय, पण स्वतःची एपीआय की (गूगलकडून घ्याचा कोड) काढून टाका लागते, कटकट हाय. आबाची कीर्तनं फोनवरच पाय किंवा मेमरी कार्डावरच्या फाइली टाक.

कपाशीवाला: तिसऱ्या दिवशी सांगून रायलो. पेनड्राइव्हवरून चाललं! चहा सोडा, कप हाती घेयेलोक उघडते. आधी आवाजच नव्हता, सेटिंगमध्ये ऑडिओ एचडीएमआयवर केला तं आला. चारी बाजूनं चित्र कापल्यासारखं दिसे, ते टीव्हीच्याच मेनूत फुल स्क्रीनचं दुसरं ऑप्शन निवडलं अन् जमलं. रिमोट म्हून फोनमधलं कोडीचं 'कोरे' (Kore) अ‍ॅप, एकाच वायफायवर ठेवा लागते एवढंच. लग्न लावलं तं माणूस हालला की अंगावर आडव्या रेघा याच्या, हे काऊन?

ठेचा_भाकर: जुन्या कॅमेऱ्याची शूटिंग १०८०आय असन, म्हंजे चित्र एकाआड एक आडव्या ओळीत भरलेलं. पिक्चर चालू असतानाच व्हिडिओ सेटिंगमध्ये डीइंटरलेस (त्या ओळी जुळवाचं) ऑन कर.

कपाशीवाला: गेल्या रेघा. पण पीसी बंद करून लाईट गेली का तारीख २०१३ होऊन बसते, मंग नेटवरचं काईच उघडत नाई.

संत्रा_बर्फी: मदरबोर्डवरचा गोल सेल संपला. सीआर२०३२ म्हणजो, घड्याळवाल्याकडं भेटते.

कपाशीवाला: सोमवारी दारव्ह्याचा बाजार करून आणतो. तोवर आबा फेटे मोजून रायले, वरातीत मामा कोणत्या बाजूनं गेले म्हून तीनदा मागं करून पाहिलं.