रात्रीचा बीपीही कळायला हवा
आईंचा बीपी दवाखान्यात १६० आणि घरी १३० येतो, मग गोळी वाढवायची का, असं एकाने विचारलंय. वाढवण्याआधी डॉक्टरांना २४ तासांच्या तपासणीबद्दल जरूर विचारा. दंडाला पट्टा आणि कमरेला छोटं यंत्र लावून घरी पाठवतात. दिवसा साधारण २०-३० मिनिटांनी आणि रात्री थोड्या जास्त अंतराने ते आपोआप मोजत राहतं.

खरं महत्त्व रात्रीच्या आकड्यांना. झोपेत बीपी १० ते २० टक्के उतरायला हवा. उतारवयात, त्यातून मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर, तो अनेकदा उतरतच नाही, आणि दिवसा कितीही वेळा मोजला तरी हे कळत नाही. उलटही होतं: जेवणानंतर तासा-दोन तासांत तो एकदम खाली येतो, उठताना तोल जातो. अशा वेळी न बघता गोळी वाढवली तर पडून खुब्याचं हाड मोडायची भीती.

पट्टा फुगू लागला की हात सैल आणि स्थिर ठेवायला सांगा. आंघोळ आधीच उरकून घ्या. आणि जेवण, गोळी, झोप, चक्कर यांच्या वेळा वहीत लिहाच. माझ्या सासऱ्यांच्या वहीतली 'दुपारी अडीच, चक्कर' ही नोंद आणि त्याच वेळचा आकडा बघूनच डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली.