बाह्यरेषेविना डिजिटल चित्रात कडा आणि घनता कशी आणावी?

खाडीकाठ:
नमस्कार. आजवर आधी रेखांकन आणि मग त्यात रंग, याच पद्धतीने मी डिजिटल चित्रे करत आलो आहे. सध्या ऐरोलीच्या काठावरून संध्याकाळी टिपलेल्या फोटोंवरून ठाणे खाडीतील फ्लेमिंगोंचे चित्र क्रिटा या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट रंगांनी करावयास घेतले आहे. रेषांचा लेअर (चित्राचा स्वतंत्र थर) बंद केला की पक्षी सपाट दिसतात आणि त्यांची पोटे मागच्या चिखलात विरून जातात. कडेने गडद गुलाबी फिरवला तर पुन्हा रेषाच उमटते. स्मज केले, म्हणजे रंग एकमेकांत पुसटले, तर सगळेच धूसर होते. रंग फोटोतूनच उचललेले आहेत. मग कडा नेमक्या कशामुळे उभ्या राहतात?

तिसरा टोन:
सर्वांत वर काळ्या रंगाने भरलेला लेअर ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड (खालच्या थरांत मिसळण्याची पद्धत) 'कलर' करा, म्हणजे चित्र करड्या छटांत दिसेल. पोट आणि चिखल एकाच टोनचे, म्हणजे सारख्याच उजळ-गडदपणाचे निघतील, असा माझा अंदाज आहे. गुलाबी आणि करडा हे रंग म्हणून कितीही वेगळे असले, तरी टोन सारखा असेल तर तिथली कड डोळ्याला नीट सापडत नाही, आणि इतके दिवस ही उणीव रेषा झाकत होती. तेव्हा पक्ष्याच्या कडेला हात न लावता त्याच्या मागचा चिखल थोडा गडद करून पाहा. फोटोतून उचललेल्या रंगांवरही फार विसंबू नये. हल्लीचे फोन सावल्या उजळून देतात, त्यामुळे उजेड आणि सावली यांतील अंतर आधीच कमी झालेले असते.

जलरंगी:
वरील मताशी सहमत आहे, मात्र टोन वेगळे केल्याने केवळ आकृती सुटी होईल. घनतेसाठी, म्हणजे अंग भरीव दिसण्यासाठी, उजेडाची दिशा ठरवावी लागेल. ऐरोलीहून संध्याकाळी पश्चिमेकडे पाहिले की सूर्य पक्ष्यांच्या मागे असतो, म्हणजे आपल्याकडची बाजू बहुतांश सावलीत आणि पाठीवर उन्हाची अरुंद किनार. ही किनार कठीण, म्हणजे रेखीव ठेवा. तिथून पोटाकडे उतरताना, जिथे अंग उजेडाकडून सावलीकडे वळते, ती कड मऊ असावी, कारण ती वस्तूची सीमा नसून गोलाईचे वळण आहे. पोटाखाली ओल्या चिखलावरून परतलेला उजेड येईल. तो उन्हातल्या भागाइतका उजळ झाला की गोलाई मोडलीच म्हणून समजा. मानेची पाठीवर पडणारी सावली मानेजवळ रेखीव आणि दूर जाताना मऊ होत जाते, कारण सूर्य हा बिंदू नसून आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे. आणि दोन पक्ष्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळत असतील तर ती कड खुशाल हरवू द्या. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील सावळाराम हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगचित्र या दृष्टीने पाहावे: दिव्याआड धरलेल्या हाताच्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेडच तिथे बोटांची जाडी सांगतो.

तिसरा टोन:
साधनांविषयी थोडेसे. स्मज अगदी शेवटी वापरावे, तेही मोजक्या ठिकाणी. आधी रेखीव कडेच्या (कठीण) गोल ब्रशने सपाट आकार भरा आणि दोन टोनांच्या मध्ये तिसरा टोन लावून वळण साधा. क्रिटामध्ये आकाराबाहेर रंग जाऊ नये म्हणून 'इनहेरिट अल्फा' (त्याच ग्रुपमधील खालचे लेअर जिथे भरलेले आहेत तिथेच रंग दिसू देणारी सोय) वापरत असाल, तर प्रत्येक पक्ष्याचे लेअर स्वतंत्र ग्रुपमध्ये ठेवा. नाहीतर खाली पार्श्वभूमीचा भरलेला लेअर असल्यामुळे रंग कुठेच अडणार नाही.

खाडीकाठ:
करड्या छटांत पाहिले. पोट आणि चिखल खरोखरच एक झालेले आहेत. मात्र पाय इतके बारीक आहेत की ते रंगाने भरले तरी रेषाच वाटतात. तिथे काय करावे?

जलरंगी:
ती रेषा बाह्यरेषा नव्हे, तो पायच आहे. म्हणून एका फटकाऱ्यात काढायला हरकत नाही. फक्त वरपासून खालपर्यंत एकच टोन ठेवू नका. मागे गडद चिखल असेल तिथे पाय किंचित उजळ, आणि चकाकत्या पाण्यासमोर येताच गडद करा. मधला सांधा ठळक असू द्या. पाय पाण्यात शिरतो तिथे गडद रंगाचा एक लहानसा ठिपका पुरेल. त्याच्या खालचे प्रतिबिंब मऊ ब्रशने आडवे तोडत न्या.