मदत हवी आहे: एआय सहाय्यक वर्डप्रेसला जोडताना ४०१ येतोय

नमस्कार मंडळी. लातूरजवळच्या आमच्या शेतकरी गटाची वर्डप्रेसवर साइट आहे, सोयाबीन-तुरीची माहिती मी रोज रात्री टाकतो. गटातले काका फोनवर सांगतात, "शेंगात दाणाच भरंना की रे." ते मी टाइप करून द्यावं आणि साइटवर नीट मसुदा तयार व्हावा, म्हणून क्लॉड हा एआय सहाय्यक एमसीपीनं (एआयला बाहेरच्या साइट-साधनांशी जोडायची पद्धत) जोडतोय.

जुन्या पोस्ट त्याला धडाधड वाचता येतात. नवा मसुदा टाकायला गेलं की ४०१, म्हणजे लॉगिनची ओळख पटली नाही अशी चूक. ॲप्लिकेशन पासवर्ड (बाहेरच्या प्रोग्रॅमला द्यायचा वेगळा पासवर्ड, वर्डप्रेस ५.६ पासून आतच आहे) दोनदा नवा काढला, एचटीटीपीएस चालू आहे. माझा संशय होस्टिंगवर आहे: अपाचे या वेब सर्व्हरवर पीएचपी (वर्डप्रेसची भाषा) सीजीआय पद्धतीनं चालत असेल तर ऑथरायझेशन हेडर, म्हणजे विनंतीसोबत जाणारी लॉगिनची माहिती, आतपर्यंत पोचतच नाही. एचटीॲक्सेस या अपाचेच्या सेटिंगच्या फाइलमध्ये नेमकी कोणती ओळ टाकायची, आणि वर्डप्रेसच्या ओळींच्या वर की खाली?

दुसरं, सहाय्यकाला वर्डप्रेसमध्ये कॉन्ट्रिब्युटर (फक्त मसुदे लिहिणारा) म्हणूनच ठेवायचंय. त्या भूमिकेला परस्पर प्रकाशित करता येत नाही, आणि तेच बरं. फवारणीचं प्रमाण चुकीचं छापलं तर कुणाचं तरी पीक जाईल. पण त्या भूमिकेला फोटोही चढवता येत नाहीत. पानावरचा डाग फोटोशिवाय कसा कळायचा? कुणी यातून वाट काढली असेल तर सांगा, पेरणीच्या आत हे उभं करायचंय.