बीटल्स : रिंगो नसताना ड्रम्स कोणी वाजवले? मदत हवी आहे

रानवारा:
शनिवारी आमच्या ग्रुपचा बीटल्सचा कार्यक्रम आहे, निवेदन मी लिहितोय. त्यांचा ड्रमर रिंगो बँड सोडून गेला होता तेव्हाच्या गाण्यावर ड्रम्स आणि बेस गिटार कोणी वाजवली? प्रत्येक ठिकाणी वेगळंच लिहिलंय. पत्रिका उद्या छापायला जातेय. नक्की माहीत असेल तरच सांगा प्लीज.

खर्जातला_सा:
गाणं कोणतं? रिंगोशिवाय झालेली एकाहून जास्त आहेत.

जुनी_तबकडी:
'लव्ह मी डू'. ४ सप्टेंबर १९६२ ला ड्रम्सवर रिंगो होता. ११ तारखेला अँडी व्हाइट या बाहेरच्या ड्रमरला बसवलं आणि रिंगोच्या हातात खंजिरी दिली. खंजिरी ऐकू आली तर अँडी, नाही आली तर रिंगो. इतकी सोपी खूण दुसऱ्या कुठल्या गाण्याला नाही.

रानवारा:
अहो, १९६८चं विचारतोय! विमानाचा आवाज आहे ते. आणि अल्बममध्ये त्याच्या पुढचं.

खर्जातला_सा:
मग आधी सांगायचं ना. 'बॅक इन द यूएसएसआर' आणि 'डिअर प्रुडन्स'. रिंगो २२ ऑगस्टला निघून गेला, पहिलं गाणं २२-२३ लाच झालं. ड्रम्स मुख्यतः पॉलचे, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या बेसवाल्याचे, त्यावर बँडमधल्या बाकी दोघांची, जॉन आणि जॉर्जचीही भर आहे. बेसलाही तिघांचे हात लागलेत.

कानसेन७१:
बेस पॉलचाच. चांगला हेडफोन लावा, कळेल.

खर्जातला_सा:
कानावर जाऊ नका. 'टॅक्समन'चा गिटार सोलो कित्येक जण जॉर्जचा समजतात, वाजवलाय पॉलने. आणि त्या काळात जॉन-जॉर्ज सहा तारांचा फेंडर बेस वाजवायचे, त्यामुळे खालचे सूर आले की पॉल, असं होत नाही. स्टुडिओतल्या रेकॉर्डिंग सेशनच्या नोंदी बघाव्या लागतात.

मिक्सर_मावशी:
हल्ली गाण्यातली वाद्यं वेगळी करणारं सॉफ्टवेअर मिळतं, भांडताय कशाला?

खर्जातला_सा:
ताई, त्यातून ड्रम्स सुटे होतील. काठ्या कोणाच्या हातात होत्या ते कसं कळणार?

जुनी_तबकडी:
त्यांच्या निदान नोंदी तरी आहेत. आपल्याकडे हिंदी गाण्यांत गोव्याच्या किती वादकांनी आयुष्य घातलं, तबकडीवर नाव संगीतकाराचं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं तरी लोकांना ठाऊक आहेत, पण मागे बसलेल्या व्हायोलिनवाल्यांचं काय? यावर कोणीतरी नीट लिहायला हवं.

रानवारा:
खरंय, पण त्यासाठी वेगळा धागा काढा ना. 'प्रुडन्स'चं सांगा कोणीतरी.

खर्जातला_सा:
२८ ऑगस्टपासून, ट्रायडंट स्टुडिओत, आठ ट्रॅकच्या रेकॉर्डरवर. ड्रम्स पॉल, बेसही पॉल. रिंगो परतला सप्टेंबरमध्ये.

रानवारा:
मग पहिल्या गाण्याला 'ड्रम्स : पॉल, सोबत जॉन व जॉर्ज, बेस : तिघे' असं लिहितो. चालेल?

खर्जातला_सा:
चालेल. 'प्रुडन्स'ची ओळ वेगळी ठेवा, दोन्ही एकत्र केलीत की तिथेही तिघांची नावं जातील.

कानसेन७१:
बेसचं मला पटलेलं नाही. छापण्याआधी गाण्याची मोनो (एकाच चॅनलची) प्रत मिळवून ऐका.