प्रति: लढाईविना नाहीसे होणारे सैन्य
विजयी झालेले लाखाचे सैन्य पुढच्याच प्रकरणात लढाईविना नाहीसे होते, ही लेखकांनी रचलेल्या कल्पित जगांच्या इतिहासातली ढोबळ चूक आहे, असे एक मत मांडले गेले आहे; ते मला अर्धेच पटते. कारण न सांगणे ही चूक खरीच. परंतु लढाईविना सैन्य संपूच शकत नाही, हे गृहीतक आम्हा गोवेकरांना मान्य होण्यासारखे नाही. अशा जगांच्या नकाशांवर राजधान्या आणि किल्ले हौसेने काढलेले असतात, पण धान्य कोणत्या बंदरात उतरते, हे क्वचितच दिसते, आणि माझ्या मते खरी उणीव तिथे आहे.

१६८४ च्या आरंभी औरंगजेबाचा मुलगा शाह आलम प्रचंड फौज घेऊन घाट उतरला आणि उत्तर गोव्यातील डिचोलीपर्यंत आला. त्याच्या येण्यामुळेच संभाजी महाराजांना पोर्तुगीजांविरुद्धची गोव्याची मोहीम आवरती घ्यावी लागली. मात्र या फौजेची रसद सुरतेहून गलबतांनी यायची होती आणि मांडवी नदीचे मुख पोर्तुगीजांच्या आग्वाद व रेइस मागोस या किल्ल्यांच्या तोफांखाली होते. धान्य वेळेवर पोहोचले नाही, वैरण संपली, रोगराई पसरली. परतताना रामघाटाच्या वाटेवर घोडे, उंट आणि माणसे मोठ्या संख्येने मेली, आणि तीही एकाही मोठ्या लढाईत पराभव न होता.