राष्ट्रीय साहित्य नियतकालिकात समीक्षेला अधिक पाने हवीत का?

ग्रंथपाल, दर्यापूर तालुका (मूळ लेख)

साहित्य अकादमीची दोन द्वैमासिके देशभर जातात: इंग्रजीतले ‘इंडियन लिटरेचर’ १९५७ पासून आणि हिंदीतले ‘समकालीन भारतीय साहित्य’ १९८० पासून. वर्षाला अंक सहा आणि अकादमीच्या मान्यताप्राप्त भाषा चोवीस, तेव्हा मराठीच्या पदरात चार-दोन कविता आणि एखादी कथा यापलीकडे फारसे काही पडणार नाही, हे उघड आहे. माझे म्हणणे असे की, त्या तुटपुंज्या जागेतला मोठा हिस्सा समीक्षेला द्यावा. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० मध्ये आली. तिच्यातले एखादे प्रकरण केरळच्या किंवा आसामच्या वाचकासमोर ठेवले, तर त्याला गरिबीचे आणखी एक चित्र तेवढे दिसेल. नायिका कौतिक संसार ओढताना पैशापैशाचा जो हिशेब करते आणि लेखक तिची कीव न करता तो ज्या कोरडेपणाने मांडतो, त्यात कादंबरीचे बळ आहे. आणि ते कुणीतरी चार पाने खर्चून उलगडून दाखवल्याशिवाय परक्या वाचकाच्या हाती लागणे कठीण आहे.

वाचक, पुसद तालुका

ग्रंथपाल महोदयांचा हेतू चांगला असला, तरी त्यांनी वाचकाला गृहीत धरले आहे. आमच्या गावचे वाचनालय १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालच्या ‘ड’ वर्गातले, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरचे आहे. तिथल्या कुठल्याही वाङ्मयीन मासिकाचा जुना अंक उघडून पाहावा. कथेच्या पानांचे कोपरे दुमडलेले असतात, त्यांवर तंबाखू मळलेल्या अंगठ्यांचे डाग असतात. समीक्षेच्या लेखात मात्र बांधणीच्या वेळी वरच्या कडेला जोडून राहिलेली दोन पाने अजून तशीच जोडलेली सापडतात. ज्याला कथेने धरले नाही, त्याला लेखाने कसे धरून ठेवणार? दिल्लीचा वाचक काही निराळ्या मातीचा नसावा.

मराठीच्या प्राध्यापिका, वणी

पुसदचे भाऊ वाचकाला दोष देत नाहीत, हे बरे; कारण दोष लिहिणाऱ्यांचा, म्हणजे माझ्याच व्यवसायबंधूंचा आहे. गेल्या काही वर्षांत समीक्षेच्या नावाखाली जे छापले गेले, त्यातले पुष्कळसे पदोन्नतीच्या गुणांसाठी लिहिलेले शोधनिबंध होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी केली, २०२५ मध्ये ती मागेही घेतली. लेखांची पैदास काही थांबली नाही. विदर्भातल्या लेखनाबाबत तर हे लेख ‘मातीचा गंध’ आणि ‘बोलीचा गोडवा’ एवढे म्हणून मोकळे होतात. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ चा अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीवर लिहायचे, तर शिकलेला मुलगा शेतीत अडकतो तेव्हा घरातल्या माणसांची एकमेकांशी बोलण्याची रीत कशी बदलते, हे पाहावे लागेल. शेतकरी आत्महत्यांचे प्रास्ताविक जोडले की समीक्षा झाली, असे मानणाऱ्यांच्या हाती अधिक पाने देणे मला धोक्याचे वाटते.

कवी, मेहकर

मुद्दा कवितेची जागा काढून घेण्याचा असेल, तर माझा सरळ विरोध आहे. आमच्या मेहकरात वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे यांचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ मध्ये निघाला. त्याच्या कितीतरी आधी त्यांची कविता जी. एन. जोशी यांच्या गळ्यातून, ध्वनिमुद्रिकेवरून घरोघर पोचली होती. तिच्या वाटेवर कुणी भाष्यकार उभा नव्हता. पुढे १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ला अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोही कवितेच्याच जोरावर.

ग्रंथपाल, दर्यापूर तालुका

मेहकरच्या कविमहोदयांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ती कविता चालीसह मराठी कानांपर्यंत गेली. अनुवादात चाल गळते, वृत्त गळते आणि उरलेल्या आशयावरून परका वाचक ‘साधी निसर्गकविता’ असा शेरा मारून पान उलटतो. नेमके काय गळले, हे सांगणारा माणूस तिथे हवा. प्राध्यापिका ताईंची तक्रार खरी आहे, पण ती संपादकाच्या कात्रीबद्दलची आहे. वाईट कथा छापल्या जातात म्हणून कथेची पाने कमी करा, असे आपण कधी म्हणत नाही.

मराठीच्या प्राध्यापिका, वणी

कात्री चालवायला आधी कापड तरी हवे. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ मध्ये बंद पडले, त्यानंतर लेख चार वेळा परत पाठवून पाचव्यांदा छापणारा संपादक मराठीत दुर्मीळच झाला. राष्ट्रीय अंकाचा संपादक दिल्लीत बसून वऱ्हाडी कादंबरीवरचा लेख कशाच्या आधारे पारखणार? ती पारख आधी इथल्या नियतकालिकांत व्हायला हवी. विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’सारखे व्यासपीठ आपल्याकडे आहे. तिथे कसाला लागलेला लेखच अनुवादासाठी पुढे पाठवावा. तोवर राष्ट्रीय अंकातली मराठीची जागा कथेकडे राहिली, तर माझी हरकत नाही.

वाचक, पुसद तालुका

एवढे मला मान्य आहे. मात्र ज्या कथेवर लेख लिहिला असेल, ती कथा त्याच अंकात, लेखाच्या आधीच्या पानांवर छापलेली असावी. न वाचलेल्या पुस्तकांवरचे लेख आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

ग्रंथपाल, दर्यापूर तालुका

कथेच्या बाबतीत ते जमेल. कादंबरी कुठल्या अंकात मावणार, ते भाऊंनी सांगावे.