मदत हवी आहे: लेकाच्या दर महिन्याच्या आयव्हीआयजीबद्दल (शिरेतून दिल्या जाणाऱ्या तयार अँटीबॉडी)

नमस्कार. माझ्या 4 वर्षांच्या मुलाला एक्सएलए (प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार) आहे. बीटीके जनुकातल्या दोषामुळे बी पेशी जवळजवळ नाहीतच, त्यामुळे अँटीबॉडी बनत नाहीत. दोनदा न्यूमोनिया झाला, कान सतत वाहायचे, तरी निदानाला अडीच वर्षं गेली. आता दर 4 आठवड्यांनी आयव्हीआयजी. वजन 16 किलो, म्हणून एका वेळी 8 ग्रॅम. त्यासाठी साताऱ्याहून पुण्याला जातो. पुढचा डोस जवळ आला की पोर पुन्हा खोकायला लागतं, बघवत नाही हो. डोसआधी रक्तातल्या आयजीजीची (मुख्य अँटीबॉडीची) पातळी तुमचे डॉक्टर किती ठेवतात? कुणी घरीच त्वचेखालून देतं का? खर्चाला मदत कुठे मिळाली? आणि तोंडावाटे पोलिओ डोस याला चालत नाही, हे अंगणवाडीच्या ताईंना कसं समजावलंत?